मी हसत नव्हते, मला धनुर्वात झाला होता

रुईची तारीफ माझ्यासमोर कोणी करू नये. केली तर मी उठून जाते, आणि उठून जाता येत नसेल तर तोंडावर बोलते. आमच्या सानगडीच्या बाजूला रुईला काय तोटा? शेताच्या बांधावर, धुऱ्यावर आहे, रस्त्याच्या कडेला आहे, तलावाच्या पाळीवर आहे, मारुतीच्या देवळामागे तर तिचं रानच माजलं आहे. शेळी तिला तोंड लावत नाही, पाणी घालावं लागत नाही, तोडली तर पुन्हा फुटते. उन्हाळ्यात सगळं करपून जातं तेव्हा ही आपली जांभळी-पांढरी फुलं मिरवत उभी असते. लोकांना तिचं कौतुक वाटतं. मला चीड येते.

गुडघा दुखला की रुईचं पान तेल लावून शेकून बांधा. दमा लागला की तिची फुलं चावा. तिच्या सालीचा धागा काढून मासे धरणारे ढिवर लोक गरीची दोरी वळतात, तिच्या कापसाची बाळाला उशी करतात, तिची पानं चिखलात तुडवून धानाला खत करतात. शनिवारी तिचीच माळ मारुतीच्या गळ्यात. इतकी कामं करणाऱ्या झुडपाच्या विरुद्ध बोललं की लोक आपल्याकडे असं बघतात की आपणच काही पाप केलं आहे. बघू देत. मी तिच्यापायी मरता मरता राहिले आहे. मला बोलायचा हक्क आहे.

ही गोष्ट आणीबाणी उठली त्या पावसाळ्यातली. त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. तरी अजून पायात काटा मोडला की आमच्या बाया दवाखान्याकडे पाठ फिरवून धुऱ्याकडे धावतात. म्हणून लिहिते. मी मोहाडीकडची, सातवी पास. लिहिता येतं आणि राग शिल्लक आहे, एवढं भांडवल पुरे.

मामीचा हात

सासूला आमच्याकडे मामी म्हणतात. माझ्या मामीचा आवाज घरातून निघाला की तलावावर धुणं धुणाऱ्या बाया मान वर करून बघत. उभं अंग, काळा रंग, हातभर हिरव्या बांगड्या आणि जीभ अशी की समोरच्याला बोलायची सोयच नाही. मी तिला पहिल्या दिवसापासून आवडले नाही. मला रोवणीचा वेग नव्हता. मी परह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी सोडून चार रोपं लावीपर्यंत ती बांधीच्या, त्या चिखल केलेल्या वावराच्या, पार टोकाला पोहोचलेली असायची, आणि तिथून ओरडायची, "शाळेत गेलती ना बापा, पुस्तकात धान लावाले शिकली!"

गावात तिचं नाव होतं ते काटे काढण्यासाठी. आमच्याकडे शेताला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालतात. पावसात त्या फांद्या कुजतात, काटे चिखलात पडतात, आणि रोवणीच्या दिवसांत बाईच्या पायात काटा मोडला नाही असा दिवस जात नाही. मग ती बाई लंगडत मामीकडे यायची. मामी रुईचं पान तोडायची, देठाला पांढरा चीक यायचा, तो काटा मोडलेल्या जागी लावायची. वर गुळाची चिमटी दाबायची, शेकलेलं पान बांधायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काटा वर येतो. खोटं कशाला बोलू, येतोच. मग मामी तो सुईने उचकटून काढायची आणि पडलेला खड्डा चुलीतल्या राखेने भरून टाकायची. झालं. बाई पुन्हा चिखलात.

माझ्या टाचेत काटा मोडला तेव्हा मी म्हटलं होतं, सानगडीच्या दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेते. माहेरी आमच्या शाळेत येणाऱ्या नर्सबाईने ते सांगितलेलं माझ्या डोक्यात होतं. मामीने कमरेवर हात ठेवला.

"सुई टोचाले कायले जातं व? रोवणा सोडून? माह्या हातानं काढलेल्या काट्यानं आजवर कोणी मेलं का?"

नवरा तिथेच उभा होता. तो बैलांकडे बघत राहिला. बैल काही बोलणार नव्हते.

चीक लागला, गूळ लागला, राख लागली. काटा चांगला लांब निघाला. मामीने तो तळहातावर ठेवून शेजारपाजारच्या चार जणींना दाखवला. मलाही बरं वाटलं, हेही सांगून टाकते. मी दुसऱ्या दिवशी रोवणीला गेले.

दात

पुढच्या आठवड्यात एका सकाळी भाताचा घास तोंडात जाईना. जबडा आखडला होता. दाढ दुखत असेल असं वाटलं. दुपारपर्यंत मान अवघडली, गाल ताणले गेले. दुखण्यापेक्षा ते विचित्र वाटत होतं, कोणीतरी दोन्ही कानांकडे तोंड ओढून बांधावं तसं.

संध्याकाळी शेजारची भागाबाई रडत आली. ऐन रोवणीत तिचा बैल मेला होता. ती ओसरीवर बसून छाती पिटत होती. मी तिला धीर द्यायला समोर गेले, आणि ती रडायची थांबली.

"माहा बैल मेला अन् ही हासून राहिली! काहून हासतं व, कुसुम? लाज नाही तुले?"

मला काही कळेना. मी "नाही" म्हणायला गेले, तर दातांतून नुसती हवा निघाली. मामी आतून आली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि काडकन एक ठेवून दिली.

"तोंड नीट कर! लोकाच्या घरी मौत झाली अन् तू दात काढून राहिली?"

ती थप्पड लागली आणि माझं सगळं अंग एकदम लाकूड झालं. पाठ मागे वाकली, मी खाली पडले, फक्त डोकं आणि टाचा जमिनीला टेकलेल्या. श्वास घेता येईना. आणि तोंडावर ते हसू तसंच. भागाबाई आपला बैल विसरून पळाली.

मग जे व्हायचं ते झालं. "बाहेरचं आहे," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तलावाच्या पाळीवर एकटी गेली होती, तिथली लागली. भगत आला. त्याने मिरच्यांची धुरी दिली आणि माझ्या कानाशी थाळी वाजवली. या आजारात आवाज झाला की अंगाला झटका येतो, हे मला पुढे कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की थाळी वाजली की माझी हाडं मोडतात. आणि भगत लोकांना सांगत होता, "पाहा, पाहा, थाळी वाजली की ते बोलून राहिलं."

त्या माणसाचं नाव मी लिहीत नाही. तो मेला. मेलेल्याचं वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी फक्त मनात बोलते.

सकाळी नवऱ्याने कोणाला न विचारता बैलगाडी जुंपली. लग्नानंतर त्याने मनाने केलेलं ते पहिलं काम. सानगडीच्या डॉक्टरांनी मला दारातूनच पाहिलं आणि ते गाडीजवळ अगदी हळू चालत आले.

"पायाला काही लागलं होतं?"

"काटा मोडला होता," नवरा म्हणाला.

"त्यावर काय लावलं?"

मागोमाग आलेली मामी गाडीच्या मागे उभी होती. "काही नाही लावलं," ती म्हणाली. "काटा आपोआप निघाला."

मी गाडीत पडून ऐकत होते. माझे दात एकमेकांवर बसले होते. ते उघडे असते तर मी तिला चावले असते.

अंधारी खोली

राइस मिलवाल्याच्या जीपने भंडाऱ्याला नेलं. त्या रस्त्याचा एकेक खड्डा माझ्या पाठीच्या मणक्याला ओळखतो. दवाखान्यात मला वॉर्डाच्या टोकाला एका लहान खोलीत ठेवलं. खिडकीला काळं कापड, कानात कापूस, नाकातून पोटात नळी. नळीतून दूध आणि पेज. डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं, "धनुर्वात आहे. औषध आम्ही देतो. पण हिला आवाज नको, उजेड नको, हात लावणं नको. सहन झालं तर वाचेल."

आता हे नीट वाचा, कारण ज्यांच्या घरी असा पेशंट असेल त्यांना कोणी हे सांगत नाही. या आजारात शुद्ध जात नाही. झोपेचं औषध असतं, गुंगी असते, पण मधेमधे माणूस लख्ख जागा असतो. डोळे अर्धवट मिटलेले, तोंड बंद, अंग ताठ, आणि कापसातूनही आत सगळं ऐकू येतं. फरशी पुसणाऱ्या बाईची बादली बाहेर टेकली की मला झटका. कोणी खोकलं की झटका. झटका येणार हे आधी कळायचं, पोटरीतून काहीतरी वर सरकत यायचं, आणि ते थांबवायला माझ्याजवळ काही नव्हतं. मी देवाचं नाव घेत नव्हते. मी मनातल्या मनात शिव्या देत होते. एका झटक्यात किती शिव्या बसतात हे मला पाठ झालं होतं.

सिस्टर कॅनव्हासचे बूट घालून यायच्या आणि सुया टोचताना आधी कानाशी पुटपुटायच्या, "आता टोचते हं." त्या पुटपुटण्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. अंगावर अचानक काही होत नाही, एवढं जरी कळलं तरी निम्मी भीती जाते.

भेटायला येणाऱ्यांवर मात्र माझा वेगळा राग आहे. सानगडीहून, साकोलीहून, कुठून कुठून नातेवाईक यायचे. बसचं भाडं खर्चून आले म्हणून त्यांना पेशंट बघायचाच असायचा. सिस्टर नाही म्हणाल्या की दाराच्या फटीतून बघायचे आणि फटीतूनच बोलायचे. "कशी दिसून राहिली!" "वाचत नाही वाटते." एक लांबची आतेसासू सिस्टरची नजर चुकवून आत घुसली आणि मायेने माझा पाय हलवून म्हणाली, "कुसुम, ओळखलं का?" त्या ओळखीने मी अर्धा दिवस कमान होऊन पडले होते. तुम्हाला कोणाला भेटायला जायचंच असेल तर घरी बसा. घरी बसून आठवण काढा.

आत कोणीतरी एक बाईमाणूस सतत लागत होतं. सिस्टर एकट्या, त्यांना अख्खा वॉर्ड. माझी माय मी लहान असतानाच गेलेली. बसायला राहिली मामी. माझ्या हातात असतं तर मी वाघाला बसवलं असतं.

पहिल्याच दिवशी ती आत आली आणि तिच्या बांगड्या किणकिणल्या. मला झटका आला. सिस्टर म्हणाल्या, "बांगड्या काढून या, नाहीतर येऊ नका." बाहेर बायांमध्ये कुजबुज झाली. मामाजी, म्हणजे माझे सासरे, घरी धडधाकट होते, आणि नवरा जिवंत असताना बाईने हातातली काच उतरवायची म्हणजे त्याचं मरण मागायचं. मला वाटलं, सुटले, आता ही येणार नाही. थोड्या वेळाने दार उघडलं आणि काही वाजलं नाही. मनगटाला नुसता लाल दोरा बांधून ती आली होती. हात अगदीच रिकामा नको म्हणून.

ती स्टुलावर बसली, माझ्या कानाजवळ वाकली आणि बोलली. तिला इतकं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

"मरू नोको. मेली तं माहं नाव खराब करशील."

कोणी म्हणेल, ते तिचं प्रेम होतं. तसं म्हणणाऱ्याने माझ्या जागी पडून पाहावं. मी तिचा एवढा द्वेष करत होते की तिच्या नाकावर टिच्चून जगायचं की तिच्या नाकावर टिच्चून मरायचं, हेच मला ठरवता येत नव्हतं. डॉक्टर म्हणतात मी औषधाने वाचले. मला वाटतं त्यात रागाचाही वाटा आहे.

जीप

झटके कमी व्हायला लागलेच होते तेव्हा माझे बाबा मोहाडीहून जीप घेऊन आले. मला न्यायला.

बाबा वाईट माणूस नाहीत. माझी माय दवाखान्यातच गेली होती, आणि ती गेली तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं. तेव्हापासून त्यांना दवाखान्याची धास्ती आहे. मोहाडीकडच्या कोणीतरी त्यांना पटवलं होतं की पोरीला हसवणारं आहे ते औषधाने निघत नाही, अमावस्येच्या आत एका ठिकाणी नेऊन उतरवावं लागतं. खोलीचं दार नीट लागत नसे. मी सगळं ऐकलं.

"फाटकापर्यंत पोहोचणार नाही ती," डॉक्टर सांगत होते. "जीप सुरू झाली की त्या आवाजानंच श्वास अडकेल."

"माही पोरगी आहे, साहेब. एकीले इथं टाकून गेलो होतो मी. तिचं तोंड नाही दिसलं मले. हिले मी घरी नेतो. मरन तं माह्या मांडीवर मरन."

"तुमची माणसं, तुमची जबाबदारी," डॉक्टर म्हणाले. "माझं म्हणणं मी सांगितलं." मग ते नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही नवरा ना? तुम्ही बोला."

आणि माझा नवरा म्हणाला, "बाबा म्हणतात तं... पाहा बापा."

मी हे ऐकलं. माझ्या आत सगळं ओरडत होतं की नाही, मला इथून हलवू नका, मला जगायचं आहे. त्या क्षणी माझं ठरलं होतं, कोणाच्या नाकावर टिच्चून नाही, मला नुसतं जगायचं होतं. आणि माझ्या तोंडातून एक अक्षर निघत नव्हतं. बाबा रडायला लागले, मोठ्याने. त्यांचं रडणं माझ्या पोटरीतून वर चढायला लागलं. दोघं-तिघं आत यायला निघाल्याचे पाय वाजले.

स्टुलावरून मामी उठली. ती बाहेर गेली, दार हलकेच ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. फटीतून मला तिचा पदर दिसत होता.

"इवाई," ती बाबांना म्हणाली, "हिले भूतबित काही नाही लागलं. लागली तं मी लागली."

आत यायला निघालेले पाय थांबले.

"माह्या हातानं रुईचा चीक लावला. माह्या हातानं चुलीतली राख भरली. ही सुई टोचवाले जातो म्हणत होती, म्या जाऊ नाही देल्ली. डॉक्टरनं विचारलं तं खोटी बोलली. हे माहं काम आहे. भुताले कायले नाव ठेवता?"

ज्या बाईने अख्ख्या गावात आपल्या हाताचा टेंभा मिरवला, ती व्याह्यासमोर, पोरासमोर, वॉर्डातल्या परक्या बायांसमोर हे सांगत होती. बाबांचा आवाज चिरकला.

"तुम्ही मारलं माह्या पोरीले! खुनी आहा तुम्ही!"

"होये," मामी म्हणाली. "म्हणा. पण हळू म्हणा."

मग ती उंबऱ्यावर आडवी बसली. बाबा बराच वेळ काहीबाही बोलत राहिले, पण हळू बोलत राहिले. संध्याकाळी जीप रिकामी परत गेल्याचं सिस्टरनी मला कानाशी सांगितलं. त्यांनी ते सुई टोचायच्या आधी सांगितलं, म्हणून त्या दिवशी सुई लागली नाही.

तोंड उघडलं तेव्हा

बरं होणं फार हळू झालं. आधी झटके थांबले, मग मान वळली, मग नळी निघाली. जबडा सगळ्यांत शेवटी सुटला. पहिल्यांदा दातांमध्ये चमच्याचं टोक गेलं तेव्हा मामीने पेज भरवली आणि ती हनुवटीवरून खाली ओघळली. मी तिच्यासाठी किती आणि काय काय जमवून ठेवलं होतं! पण जीभ जड झाली होती, शब्दांचा नुसता चोथा निघाला. मामीने तोंड पुसलं. "बोलजो मंग," ती म्हणाली. "आधी गीळ."

डॉक्टरांनी मला समजावलं की दोष रुईचा नाही. विष मातीत असतं, शेणात असतं, राखेतही असू शकतं, खोल जखमेत ते कोंडलं की भिनतं. त्यांचं खरं असेल. पण रुईने काटा वर आणला नसता, तर बाया निर्धास्त झाल्या नसत्या. काटा निघाला की काम झालं, हे तिनेच सगळ्यांना शिकवलं आहे. माझ्या म्हणण्याने कोर्ट चालत नाही, पण माझ्याकडे तिला माफी नाही.

आणखी एक त्यांनी सांगितलं ते ऐकून मी चाट पडले. एवढं भोगूनही हा आजार पुन्हा होऊ शकतो. म्हणून जाताना मलाही तीच सुई टोचली, आणि पुढच्या सुयांसाठी परत यायला बजावलं. जी रोवणीच्या आधी घेतली असती तर यातलं काहीच झालं नसतं, तीच.

दवाखान्यातून निघायच्या दिवशी मामी बाजारात गेली आणि कोपरापर्यंत नव्या बांगड्या भरून आली. गावात पोहोचेपर्यंत तिचा आवाजही परत आला होता. पुढे आमचं तसंच चाललं. ती माझ्या हातच्या भाताला लगदा म्हणायची, मी तिला ऐकवायची. आजारपणाने माणसं देव होतात असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या घरी एक दिवस राहावं.

गुण

दवाखान्यातली गोष्ट गावात आमच्या आधी पोहोचली होती. मामीकडे काटा घेऊन येणं बंद झालं. एकही बाई आली नाही. ती ओसरीवर बसायची आणि लंगडणाऱ्या बाया आमच्या घरावरून पुढे जायच्या. मला वाटलं, चला, माझं मरण सत्कारणी लागलं, आता सगळ्या सुई घेतील.

कसचं काय! पुढच्या रोवणीत त्या पुन्हा आमच्या दारात यायला लागल्या. माझ्याकडे!

"कुसुमबाई, तूच लाव चीक. तू मरून परत आली, तुह्या हाताले गुण आहे."

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना हाकललं, शिव्या दिल्या, सानगडीच्या रस्त्याला लावलं. काही गेल्या. काही माझ्या नजरेआड दुसऱ्या कोणाकडून चीक लावून आल्या.

एकदा भागाबाई तिच्या नव्या सुनेला घेऊन आली. पोरगी अठराएक वर्षांची, टाच सुजलेली. तिच्या हातात रुईची ताजी पानं भागाबाईनेच तोडून दिली होती, चीक तिच्या बोटांवर ओघळला होता. मी सांगून सांगून थकले. भागाबाई हटेना.

"सुईनं ताप येते. रोवणा कोण लावन? तू नुसता हात लाव बापा."

मामी ओसरीवर बसली होती. इतके दिवस ती असल्या वेळी मधे बोलत नसे. त्या दिवशी ती उठली, त्या पोरीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि तिने तोंड केलं. दात घट्ट आवळले, ओठ दोन्ही बाजूंना कानांकडे ताणले, भुवया वर चढवल्या, मान मागे टाकली. डोळे तेवढे जिवंत आणि बाकी सगळं मेलेलं. ती तशीच उभी राहिली. पोरगी किंचाळली. तिच्या हातातली पानं खाली पडली.

भागाबाईने ते तोंड आधी एकदा पाहिलं होतं. ती सुनेचा हात धरून सानगडीच्या वाटेला लागली.

मी मात्र तिथेच उभी होते. माझं ते तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. अंधाऱ्या खोलीत आरसा नव्हता, आणि असता तरी मला बघता आलं नसतं. मला वाटायचं, थोडं हसल्यासारखं दिसत असेल.

"असं होतं माझं तोंड?" मी विचारलं.

"याच्याहून खराब," मामी पुन्हा खाली बसत म्हणाली.

"आणि तुम्ही रोज ते बघत बसल्या?"

तिने माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखंच, मी काहीतरी सांडलं असावं तसं.

"मंग कोण बसणार होतं? तुहा बाप?"

माझ्या बाबांना कोणी नावं ठेवलेली मी कधी ऐकून घेत नाही. त्या दिवशी ऐकून घेतलं.